रेल्वे कामगाराचं पोर: अर्ल वॉरनच्या घराची कुळकथा

खारीक (धागालेखक)

अर्ल वॉरन आपल्याकडे भेटतो तो वकिलीच्या पुस्तकांत. १९५३ ते १९६९ अमेरिकेचा सरन्यायाधीश. काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा १९५४चा 'ब्राउन' निकाल त्याच्या न्यायालयाचा. पकडलेल्या माणसाला 'तुला गप्प राहायचा हक्क आहे' असं पोलिसांनी आधी सांगितलंच पाहिजे, हा १९६६चा 'मिरांडा' निकालही त्याच न्यायालयाचा. पण मला निकालांपेक्षा त्याचा बाप जास्त छळतो. चरित्रांत हा बाप दोन-चार पानांत उरकलेला असतो, म्हणून हा धागा.

बापाचं नाव मथायस, सगळे मॅट म्हणायचे. जन्म १८६४चा, नॉर्वेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर स्टाव्हांगरला. १८६६ साली घरच्यांनी अमेरिका गाठली तेव्हा हा कडेवरचा. नॉर्वेतून अमेरिकेला जायची रीत सुरू झाली तीच मुळी स्टाव्हांगरहून. ४ जुलै १८२५ला ५२ माणसं एका चिमुकल्या गलबतात बसून निघाली आणि ऑक्टोबरात न्यूयॉर्कला उतरली तेव्हा ५३ होती, कारण वाटेत एक बाळंतपण झालं. पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांवर माणसं गेली. १८६५ साली त्या देशाची लोकसंख्याच सतरा लाखांच्या आसपास होती, यावरून अंदाज करा. पिकाऊ जमीन जेमतेम तीन टक्के, ती थोरल्याकडे जायची आणि धाकट्यांनी दुसऱ्याच्या शेतावर कूळ म्हणून राबायचं किंवा समुद्रावर जायचं. मॅटच्या घरचे नेमके कशामुळे उठले यावर मी गोष्ट रचणार नाही, पण हवा ही होती.

मॅटची शाळा लवकर सुटली. तरुणपणी तो आणि त्याचा भाऊ शिकागोत एका खोलीत राहत होते. भाऊ आजारी पडला, औषधाला पैसे नव्हते, आणि तो मॅटच्या हातांत गेला. पुन्हा कधी कफल्लक व्हायचं नाही हे मॅटने तिथे ठरवलं, असं मुलाने आठवणींत लिहिलंय. या माणसाचा पुढचा सगळा चिक्कूपणा, सगळी शिस्त त्या खोलीतून निघते असं माझं मत.

मिनियापोलिसला त्याने क्रिस्टल हर्नलंडशी लग्न केलं. ती स्वीडनच्या हेल्सिंगलंडची, तीही तान्ही असताना आलेली. १८८९ला जोडपं दक्षिण कॅलिफोर्नियात आलं आणि मॅट सदर्न पॅसिफिक रेल्वेत लागला. थोरली एथेल. मग १९ मार्च १८९१ला लॉस एंजेलिसमध्ये अर्ल. अमेरिकन माणसाला असतं तसं मधलं नाव अर्लला नाही. बाप त्याला सांगायचा की तू झालास तेव्हा मधलं नाव द्यायचीसुद्धा माझी ऐपत नव्हती. हा विनोद होता, पण त्यात किती विनोद होता ते त्या घरालाच माहीत.

आता १८९४. शिकागोजवळ पुलमन कंपनीने रेल्वे डबे बांधणाऱ्या कामगारांचा पगार सरासरी पाव भागाने कापला, आणि त्याच कामगारांकडून कंपनीच्या चाळींचं भाडं मात्र पहिलंच घेत राहिली. मे महिन्यात संप झाला. जूनअखेर युजीन डेब्जच्या अमेरिकन रेल्वे युनियनने पुलमनचे डबे जोडलेल्या गाड्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं आणि शिकागोपासून पश्चिमेकडची रेल्वे ठप्प झाली. केंद्र सरकारने कोर्टाचा मनाई हुकूम आणला, राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडने फौज पाठवली, डेब्ज तुरुंगात गेला. मे १८९५ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शिक्कामोर्तब केलं: मनाई हुकूम योग्यच.

लॉस एंजेलिसच्या यार्डातला मॅट संपात होता. नोकरी गेली आणि सदर्न पॅसिफिकच्या काळ्या यादीत नाव चढलं. बायको आणि दोन लेकरं मागे ठेवून तो सँटा फे रेल्वेत, वाळवंटाच्या बाजूला सॅन बर्नार्डिनोकडे काम करायला गेला. १८९६ला सदर्न पॅसिफिकला बेकर्सफील्डच्या कारखान्यात माणसं हवी झाली, तेव्हा कंपनीने त्याला परत घेतलं आणि कुटुंब तिकडे गेलं. पोरगा वाढला तो बेकर्सफील्डच्या रेल्वे वस्तीत. धुळीचे रस्ते, गुत्ते, जुगाराचे अड्डे, १८९९ला जवळच तेल सापडल्यावर आणखी अड्डे.

ज्या न्यायालयाने त्या संपाच्या मानेवर पाय दिला, त्याच न्यायालयाच्या मधल्या खुर्चीत संपकऱ्याचं पोर अठ्ठावन्न वर्षांनी बसलं. यातून काय निष्पन्न होतं यावर मला तुमच्याशी भांडायचंय.

---

भुसावळची_पोर

मस्त धागा. अर्ल वॉरन लहानपणी रेल्वेत 'कॉल बॉय' होता असं कुठेतरी वाचलेलं. ते खरं का? आमच्याकडे हा शब्द घरचा. आजोबा ड्रायव्हर. रात्री-अपरात्री कॉल बॉय सायकलवरून यायचा, दार वाजवायचा, कॉल बुकावर सही घ्यायचा. आजी आधी त्याला शिव्या घालायची आणि मग चहा द्यायची. सही झाली की माणूस ड्यूटीला बांधला गेला.

---

खारीक

@भुसावळची_पोर, खरं आहे, आणि काम अगदी तेच. शाळा-कॉलेजच्या सुट्ट्यांत तो सदर्न पॅसिफिकमध्ये हे करायचा. गाडी सुटायच्या आधी ड्रायव्हर, फायरमन, ब्रेक्समन यांना गोळा करायचं. फरक इतकाच की तुमच्या आजोबांचा कॉल बॉय घरी यायचा, याला मात्र माणसं गुत्त्यात, जुगाराच्या टेबलावर नाहीतर वेश्यावस्तीत शोधायला लागायची. पगाराच्या दिवशी माणसाचा अख्खा पगार एका रात्रीत जाताना त्याने पाहिला. यार्डात हातपाय तुटलेली माणसं पाहिली, आणि भरपाईचा पत्ता नाही. लोकांना नोटीस न देता काढलेलं पाहिलं. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की एका कंपनीची मक्तेदारी गावाच्या राजकारणाचं आणि माणसांचं काय करते, हे त्याला तिथे कळलं.

कॅलिफोर्नियात सदर्न पॅसिफिकला लोक 'ऑक्टोपस' म्हणायचे. आमदार तिचे, वर्तमानपत्रं तिची, मालवाहतुकीचे दर तिच्या मर्जीने. १९१०ला हायरम जॉन्सन याच कंपनीला राजकारणातून हाकलायच्या घोषणेवर गव्हर्नर झाला. वॉरन तेव्हा बर्कलीत विद्यार्थी होता आणि जन्मभर जॉन्सनच्या वळणाचा रिपब्लिकन राहिला.

आणि हो, तो गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, म्हणून वादकांच्या युनियनचा सभासद होता.

---

तिरशिंगराव

दोन शंका.

एक, आई स्वीडिश, बाप नॉर्वेजियन पण दोन वर्षांचा असताना आलेला. मग यात 'नॉर्वेजियन' नेमकं काय उरतं? मॅटला स्टाव्हांगर आठवत असेल काय डोंबल.

दोन, धागालेखक हळूच आपल्याला 'बाप संपात होता म्हणून पोरगा उदारमतवादी' या वाटेने नेतायत. ती वाट पुढे दरीत जाते. सवडीने लिहितो.

---

खारीक

@तिरशिंगराव, दरीपर्यंत तुम्हीच न्या, मी येतो.

नॉर्वे-स्वीडनचं म्हणाल तर १८१४ ते १९०५ दोन्ही देश एकाच राजाखाली होते. पण घरातलं कूळ वेगळंच. मिनियापोलिससारख्या ठिकाणी हे दोन समाज शेजारी राहत, चर्चं वेगळी, लग्नं मात्र जुळायची. वॉरनची बायको नीना पामक्विस्टसुद्धा स्वीडनच्या गॉटलंड बेटावर जन्मलेली. ती विधवा होती, पदरी एक मुलगा. वॉरनने १९२५ला लग्न करून त्याला आपलं नाव दिलं, मग आणखी पाच मुलं झाली.

स्टाव्हांगर आठवत नसेल, कबूल. पण स्थलांतरित घराची ओळख बापाला काय आठवतं यावर ठरत नाही. गावाकडे शेत नाही, भाऊबंद नाहीत, आजाऱ्याला न्यायला घर नाही, आणि आज हातात असलेला पगार हीच सगळी पुंजी. मॅटचं नॉर्वेजियनपण मला त्यात दिसतं, फ्योर्डात (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीत) नाही.

---

लाल_बावटा

सुंदर लेख. काळ्या यादीत गेलेल्या कामगाराच्या पोरालाच कळणार की 'तू या दारातून आत यायचं नाहीस' हे वाक्य ऐकताना कसं वाटतं. ब्राउन निकाल नऊ विरुद्ध शून्य आला तो काही हवेतून नाही. कामगारवर्गाची जाणीव कुठे जात नाही.

---

तिरशिंगराव

@लाल_बावटा, हीच ती दरी.

मॅट ज्या युनियनसाठी संपावर गेला, त्या अमेरिकन रेल्वे युनियनमध्ये फक्त गोऱ्यांना प्रवेश होता. १८९४च्या अधिवेशनात डेब्जने कृष्णवर्णीयांना घ्या म्हणून आर्जव केलं आणि थोडक्या मतांनी ते हरलं. आणि पुलमनच्या डब्यांत प्रवाशांची सरबराई करणारे नोकर, म्हणजे पोर्टर, जवळपास सगळे कृष्णवर्णीय होते! म्हणजे पुलमनविरुद्धच्या लढाईत पुलमनच्याच हजारो नोकरांना दार बंद. 'तू या दारातून आत यायचं नाहीस' हे वाक्य तुमचा कामगारवर्गच बोलत होता.

पुढे चला. वॉरन अलामेडा काउंटीचा सरकारी वकील असताना, १९३६ला 'पॉइंट लोबोस' नावाच्या जहाजाच्या मुख्य इंजिनिअरचा खून झाला. वॉरनच्या कचेरीने खलाशी युनियनच्या माणसांवर खटला भरला आणि १९३७ला शिक्षा मिळवल्या. किंग-रॅम्झी-कॉनर खटला. कामगार चळवळ शेवटपर्यंत म्हणत राहिली की हे कुभांड आहे. संपकऱ्याचं पोर!

आणि १९४२. तो तेव्हा राज्याचा महाधिवक्ता. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर त्याने काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, समितीपुढे जाऊन जपानी वंशाच्या लोकांविरुद्ध साक्ष दिली. सुमारे एक लाख वीस हजार माणसं घरंदारं सोडून छावण्यांत गेली, त्यांतली दोन तृतीयांश अमेरिकेचीच नागरिक. स्थलांतरिताचं पोर!

---

लाल_बावटा

मुद्दा मान्य, पण त्याने नंतर पश्चात्ताप व्यक्त केला होता ना?

---

तिरशिंगराव

आठवणींच्या पुस्तकात. तो १९७४ला गेला, पुस्तक १९७७ला आलं. छावणीत गेलेल्यांपैकी किती जण ते वाचायला उरले असतील ते तुम्ही बघा.

---

खारीक

आलो दरीत.

तिरशिंगराव, तुमचं सगळं खरं आहे, आणि म्हणूनच मला बाप हवाय. 'कामगाराचं पोर म्हणून न्यायप्रिय' ही गोष्ट शाळेच्या पुस्तकाची. खरा मॅट पाहा. काळ्या यादीचा तडाखा बसल्यावर तो क्रांतिकारक झाला नाही. कंपनीत परत गेला, वर चढत डबे दुरुस्तीच्या विभागाचा प्रमुख झाला, एकेक पैसा बाजूला टाकला आणि छोटी घरं घेऊन भाड्याने देऊ लागला. घरांची डागडुजी स्वतःच करायचा. ज्याला पुलमनच्या चाळभाड्याची चीड होती तो स्वतः घरमालक झाला. मुलांनी शिकलंच पाहिजे यावर मात्र ठाम. अर्ल १९०८ला बर्कलीत गेला, १९१४ला वकील होऊन बाहेर पडला.

म्हणजे बापाकडून पोराने घेतलं ते दुहेरी. बड्या कंपनीबद्दल अविश्वास, आणि त्याच वेळी सुव्यवस्थेवर, कमावलेल्या जागेवर, 'आपल्या' लोकांवर घट्ट पकड. कॅलिफोर्नियातल्या गोऱ्या कामगारांत चिनी-जपान्यांबद्दलचा द्वेष मालकांइतकाच, कधी जास्तच होता. वॉरन 'नेटिव्ह सन्स ऑफ द गोल्डन वेस्ट' या कॅलिफोर्नियात जन्मलेल्या गोऱ्यांच्या संघटनेत होता, ती आशियाई स्थलांतराच्या विरोधात आघाडीवर. १९४२ची साक्ष घराच्या वळणाबाहेरची नव्हती, घराच्या वळणाचीच होती.

म्हणून मला ब्राउन हा बापाचा वारसा वाटत नाही. बापाच्या वारशातला अर्धा भाग त्याने तोवर मोडीत काढला होता, आणि तो मोडायला त्याला साठी गाठावी लागली.

---

कोर्टाची_पायरी

इकडचा धागा जोडतो. वॉरन न्यायालयाने १९६५ला लिंकलेटर खटल्यात म्हटलं की नवा निकाल मागच्या प्रकरणांना लागू न करता पुढच्यांनाच लागू करता येतो. दोन वर्षांत, फेब्रुवारी १९६७ला, आपले सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी गोलकनाथ खटल्यात हेच तत्त्व वापरलं. मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकत नाही, पण हे आजपासून. आणि १९७८च्या नंदिनी सत्पथी खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यरांनी कलम २०(३), म्हणजे आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नको हे कलम, वाचताना मिरांडा समोर ठेवला.

वॉरनवर 'महाभियोग चालवा' म्हणणारे तिकडे मोठाले फलक रस्त्याकडेला लागले होते हेही नोंदवतो. जॉन बर्च सोसायटी या कडव्या उजव्या संघटनेचा उद्योग.

---

मीरा_न

वाचतेय, छान चाललंय. माझा प्रश्न वेगळा. माझ्या मुलीचे सासरे मिनेसोटातले, मूळ नॉर्वेजियन. त्यांना घराचा वंशवृक्ष करून द्यायचाय. सुरुवात कुठून करू?

---

खारीक

@मीरा_न, आधी अमेरिकेतलं सगळं संपवा, मग समुद्र ओलांडा. जनगणनेचे कागद तिकडे ७२ वर्षांनी खुले होतात, म्हणजे १९५०पर्यंतचे आता मिळतात. एक खड्डा मोठा आहे. १८९०च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१च्या आगीत गेले. नेमका वॉरन कुटुंब कॅलिफोर्नियात स्थिरावतानाचा काळ. १८८० ते १९०० या वीस वर्षांत माणसं हरवतात, तिथे चर्चची आणि लग्नाची नोंद शोधा. लुथरन चर्चच्या वह्यांत पुष्कळदा नॉर्वेतलं गाव लिहिलेलं असतं आणि तेच हवं असतं.

गाव हाती लागलं की नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं संकेतस्थळ उघडा, डिजिटालआर्किव्हे नावाचं. फुकट आहे. १८६५, १८७५, १९००, १९१०च्या जनगणना, १९२०चीही शंभर वर्षं झाल्यावर २०२०मध्ये खुली झाली. चर्चच्या बाप्तिस्मा-लग्न-मृत्यूच्या वह्या पानापानाने पाहता येतात, आणि परगणा सोडून गेलेल्यांची यादीही त्यांत सापडते.

एक सावधगिरी. तिकडे १९२३च्या कायद्यापर्यंत कायमची आडनावं सक्तीची नव्हती. बापाच्या नावापुढे 'सेन' लावायचे आणि राहत्या शेताचं नाव मागे जोडायचे. शेत बदललं की तेही बदलायचं. एकच माणूस तीन कागदांवर तीन नावांनी दिसतो. त्यात अमेरिकेत शिरल्यावर स्पेलिंग बदलतं. वॉरन हेही मूळचं व्हारान. आडनाव धरून शोधलंत तर कोणीच सापडणार नाही. जन्मतारीख, शेत आणि साक्षीदारांची नावं धरा.

---

मीरा_न

धन्यवाद! वाचनखूण साठवली. सासऱ्यांकडे चर्चची एक जुनी वही आहे म्हणे, विचारते.

---

चकवा

मॅटचा खून झाला होता ना? ते कोणीच कसं लिहीत नाहीये?

---

खारीक

मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण लोक तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात.

१४ मे १९३८ची रात्र, बेकर्सफील्ड, नाइल्स स्ट्रीटवरचं घर. मॅट ७३-७४ वर्षांचा, एकटाच राहत होता. बायको उत्तरेला ओकलंडमध्ये असायची. कोणीतरी नळीच्या तुकड्याने डोक्यात घाव घालून मारलं. भाडेकरू, भुरटा चोर, जुनं वैर, सगळ्या बाजूंनी तपास झाला. कोणी सापडलं नाही, आजतागायत नाही. अर्ल तेव्हा महाधिवक्तापदाची निवडणूक लढवत होता.

चरित्रकार एक प्रसंग सांगतात. एका संशयित कैद्याचं बोलणं चोरून ऐकायला कोठडीत यंत्र लपवावं असा बेत पुढे आला आणि वॉरनने नकार दिला. यावरून लोक थेट मिरांडापर्यंत रेघ ओढतात. मी ओढणार नाही. त्याच माणसाच्या कचेरीवर किंग-रॅम्झी-कॉनर खटल्यात कामगारांच्या वकिलांनी काय काय आरोप केले होते ते तिरशिंगरावांना विचारा. बापाच्या खुनातही नियम पाळला, हे मोठं आहेच. पण त्यावरून अठ्ठावीस वर्षांनंतरचा निकाल आधीच ठरला होता म्हणणं म्हणजे पत्रिका मांडणं.

---

तिरशिंगराव

निदान यावर एकमत. नोंद घ्यावी, असं वर्षातून एकदा होतं.

---

भुसावळची_पोर

आणि एथेल? थोरली बहीण चौथ्या परिच्छेदानंतर गायबच झाली. संपाच्या वेळी अर्ल तीन वर्षांचा होता, त्याला काय कळत असणार. बाप नोकरीविना घरी बसलेला आणि मग वाळवंटात गेलेला तिलाच नीट आठवत असेल.

---

खारीक

@भुसावळची_पोर, बरोबर बोललात. एथेलचं लग्न सदर्न पॅसिफिकमधल्याच माणसाशी झालं. म्हणजे ज्या कंपनीने बापाला बाहेर काढलं त्याच कंपनीच्या पगारावर लेकीचंही घर चाललं, आणि आई म्हातारपणी राहिली ती लेकीकडे. भाऊ वकिली-राजकारणात गेला, रेल्वेवाल्यांचं घर पुढे चालवलं बहिणीने. चरित्रांत तिला ओळी मिळतात त्या भावाची बहीण म्हणून. तिने स्वतः लिहिलेलं काही माझ्या पाहण्यात नाही. कोणी बेकर्सफील्ड-ओकलंड बाजूला राहत असेल आणि स्थानिक ग्रंथालयातली जुनी वर्तमानपत्रं चाळू शकत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तिच्यासाठी वेगळा धागा काढू.